बीडीएल म्हणजे किती?

तीन आठवडे थांबून हातात आलेल्या रिपोर्टवर शिसं, कॅडमियम, निकेल या तिन्हींपुढे एकच शब्द होता: बीडीएल, बिलो डिटेक्शन लिमिट. म्हणजे यंत्राला दिसू शकतं त्याहून कमी. यंत्राला किती दिसतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी सोमेश्वर, रामकुंड, नासर्डी मिळते ते टाकळी आणि खाली चांदोरी इथलं गोदावरीचं पाणी घेतलं होतं. पाचवी बाटली चांदोरीच्याच मामांच्या विहिरीची. भाऊ स्कूटीवर मागे आइसबॉक्स धरून बसला आणि एका दिवसात सगळं झालं.

लॅबच्या काउंटरवर मी विचारलं, "मॅडम, यात लिमिट किती धरलंय?"

"बीडीएल आलंय ना, मग चांगलंच आहे की. पाणी स्वच्छ आहे."

"पण किती?"

"ते सरांना विचारावं लागेल. सर शुक्रवारी भेटतील."

शुक्रवारी सर ऑडिटमध्ये होते. सोमवारी सांगितलं, लेखी अर्ज द्या. अर्ज दिला तर गाईडची सही हवी. सही घेऊन गेले तर तो अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते कुणालाच सांगता येईना. नाशिकरोडहून रोज एवढं अंतर येऊन मी एक आकडा मागत होते, आणि तो त्यांच्याकडे होताच. मधल्या काळात मामांचा फोन: "शिसं नाही ना गं आपल्या पाण्यात?" मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. त्या आठवड्यात मी फार चिडले होते, आणि आजही तो राग पुरता गेलेला नाही.

शेवटी सर स्वतः फोनवर भेटले. तपासणी फ्लेमवर, म्हणजे ज्योतीत नमुना जाळून धातू मोजणाऱ्या यंत्रावर केली होती; त्याला शिसं दिसायची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, शिशासाठी ०.०१ सांगतं. म्हणजे मामांच्या विहिरीत मानकाच्या नऊ पट शिसं असतं तरी रिपोर्टवर बीडीएलच आलं असतं. कॅडमियमचं मानक तर ०.००३ आहे. म्हणून सॅम्पल देण्याआधीच विचारा: कोणत्या यंत्रावर करणार, आणि प्रत्येक धातूची मर्यादा किती? एवढं कमी शिसं मोजायला ग्रॅफाइट फर्नेस नाहीतर आयसीपी-एमएस, अशी जास्त बारीक मोजणारी यंत्रं लागतात.

मी वाचले ते जादा बाटल्यांमुळे. प्रत्येक ठिकाणची एकेक बाटली घरी ठेवली होती. ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणलेलं पाणी सहा महिने चालतं (पाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला २८ दिवस). तेव्हा दोन बाटल्या घ्याच. पॉलिथिनच्या, दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर भिजवून डीआय वॉटरने (क्षार काढलेल्या शुद्ध पाण्याने) खळबळून घेतलेल्या.

विरघळलेले धातू हवे असतील तर ॲसिड घालायच्या आधी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, काठावरच. उलटं केलं तर गाळातले धातू ॲसिडने सुटून पाण्यात येतात. पावसाळ्यात गोदेला किती गाळ असतो, ते रामकुंडावर उभं राहिलं की दिसतंच.

आणखी एक, विहिरीचं. पहिल्या वेळी मी मामींची पत्र्याची बादली वापरली आणि जस्त बरंच जास्त आलं. अशा पत्र्याला जस्ताचाच मुलामा असतो. नंतर प्लॅस्टिकची बादली नेऊन विहिरीचं पाणी पुन्हा घेतलं. सोबत ब्लँक म्हणून डीआय वॉटरची एक बाटली काठावर उघडून, तिलाही तेच ॲसिड घालून पाठवली. ब्लँकमध्ये जे येतं ते आपलं, नदीचं नाही.

सगळ्या बाटल्या पुण्याच्या दुसऱ्या लॅबला गेल्या. या रिपोर्टवर विहिरीच्या शिशापुढे लिहिलं होतं: ०.००१ पेक्षा कमी. मी तिथूनच मामांना फोन लावला.