पदरावरचं रफू

"सिस्टर, ही साडी पहिल्यांदा नेसली तेव्हा कसं वाटलं हो?" आज मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर माझ्या भाचीनं मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सिस्टरांना सरळ विचारलं. आपल्याला पाचारण, म्हणजे सिस्टर होण्यासाठी देवाचं बोलावणं, आहे का, हे सध्या तिच्या मनात सारखं घोळतंय.

सिस्टर म्हणाल्या, "बाळा, साडीचं नंतर बघू. रोज पहाटे प्रार्थनेला बसवतं का, ते आधी बघ."

माझी नजर त्यांच्या खांद्यावर होती. छोटा क्रूस टाचतात तिथेच बारीक रफू. पांढऱ्यावर पांढरा दोरा, टाके अगदी एकसारखे. लोरेटो या आपल्या आधीच्या सिस्टरांच्या संघाचा झगा उतरवून मदर तेरेसांनी १९४८ साली नेसली ती हीच निळ्या काठाची साडी. कोलकात्याजवळच्या टिटागढला कुष्ठरुग्णांच्या हातांनी मागावर विणली जाते.

घरात मात्र सगळे हिशेब लावतायत, पोरगी काय काय सोडणार याचा. अरे, कायमची व्रतं घ्यायच्या आधी कित्येक वर्षं जातात, परत फिरायची मोकळीक असते. तेवढा वेळ आपणही तिला द्यायला नको का?

तुमच्या घरातून कुणी सिस्टर झालं असेल, तर तेव्हा घरचे तिच्याशी कसे वागले, सांगाल का?