मोटर जाम नव्हतीच

मी आउटबोर्ड मोटरी, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायची इंजिनं, दुरुस्त करतो. परवा नांगर टाकून उभ्या असलेल्या एका शिडाच्या बोटीवरून फोन आला, डिंगीची (बोटीबरोबरच्या छोट्या होडीची) मोटर जाम झालीये, स्टार्टची दोरी तसूभर हलत नाही, इंजिन गेलं बहुतेक. 6 हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक, तशी नवीच.

जाऊन बघतो तर मोटर कॉकपिटच्या (डेकवरच्या बसायच्या जागेच्या) लॉकरमध्ये आडवी कोंबलेली आणि झाकण उघडल्या उघडल्या पेट्रोलचा भपकारा. मोटरीचं राहू दे, आधी याचीच भीती वाटली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी जाऊन साचते आणि तिथेच पंप, वायरिंग सगळं. म्हटलं कुणीही कुठल्या स्विचला हात लावू नका, सगळी झाकणं उघडा. चांगली हवा खेळल्यावरच कामाला लागलो.

मोटर चुकीच्या कुशीवर ठेवली होती. फोर-स्ट्रोकला खाली इंजिन ऑइल असतं, कुठल्या कुशीवर निजवायची ते मॉडेलप्रमाणे ठरतं, पुस्तिकेत चित्र असतं (जे कुणी बघत नाही). उलटी निजवली की तेल हळूहळू सिलिंडरमध्ये जातं, तेल काही दबत नाही, मग पिस्टन जागचा हलणार कसा. जोर लावून ओढलं असतं तर काहीतरी वाकलं असतं. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून सेफ्टी क्लिप काढली, स्पार्क प्लग काढला, भोकावर फडकं धरून दोरी अलगद ओढली तर फडकं तेलाने चिंब. प्लग पुसून लावला, तेलाची लेव्हल बघून भरलं, सुरू केली. निळ्या धुराचा लोट निघाला, मालक घाबरले, मी म्हटलं जळू द्या, थांबेल. थांबला.

पण मागच्या रेलिंगवर मोटरसाठी चांगलं ब्रॅकेट रिकामं होतं ना, मग लॉकरमध्ये का? मालक काही बोलेनात, त्यांच्या बाई म्हणाल्या, "अहो, तिथवर उचलतंय कोण?" बरोबरच आहे. 25 किलोच्या वर वजन, लाटेवर डिंगी खाली जाते तेव्हाच बोट वर येते, एकदाची वर ओढली की जिथे जागा दिसेल तिथे टाकून मोकळे. खरी दुरुस्ती इथे होती.

डिंगी बाजूला आणली, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) बाहेर काढला, त्याला वरून धरणारी दोरी, टॉपिंग लिफ्ट, जुनी दिसली म्हणून मेन हॅलयार्डही (मोठं शीड वर चढवायची दोरी) बूमच्या टोकाला बांधलं आणि त्यावर चार पदरी कप्पी टांगली, म्हणजे 25 किलोला ओढायचे सहा-सात किलो, वर थोडं घर्षण. मोटरला पट्ट्याचा हार्नेस, क्लॅम्प सैल करायच्या आधी बोटीला बांधलेली एक सेफ्टी दोरी, आणि झोके आवरायला खालून आणखी एक. वर आल्यावर आतलं पाणी निथळेपर्यंत उभीच ठेवायची. पेट्रोलचा डबा लॉकरमध्ये अजिबात नाही, तो बाहेर डेकवर बांधायचा.

बाईंनी बसल्या जागेवरून मोटर वर घेतली, मालकांनी फक्त ब्रॅकेटवर नीट बसवली. मग बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही मला जिमला जायला सांगत होतात!"