कुठला कॉम्प्युटर, कुठलं जॅकेट?

रविवारची राइड संपवून चहाच्या टपरीपाशी सायकली टेकवल्या की कुणीतरी विचारतंच, "ताई, हा कुठला कॉम्प्युटर? मी कुठला घेऊ?" (कॉम्प्युटर म्हणजे सायकलच्या हँडलवर लावायचं, वेग-अंतर दाखवणारं छोटं यंत्र.) मे संपत आला की त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, "आणि पावसासाठी हलकं जॅकेट कुठलं बघू?" उभ्याउभ्या मी एखादं नाव सांगते आणि घरी येताना मनाला चुटपुट लागते. नाव सांगितलं म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही. तुम्ही कुठे, किती वाजता आणि सलग किती तास सायकल चालवणार आहात, हे आधी मीच विचारायला हवं. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी बसून, नीट सांगते.

मी पुण्याची. माझी सायकल म्हणजे मुख्यतः बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्स. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. तिथे कुणाचा पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. वेळेत पोचलात की झालं. मागून ट्रायथलॉनचीही, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या शर्यतीची, ओढ लागली. या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले. दोन्ही वस्तू आपल्या सगळ्यात वाईट तासासाठी निवडायच्या. दुकानातल्या उजेडात, कोरड्या हातांनी, ताज्या डोळ्यांनी सगळंच चांगलं दिसतं.

आधी जॅकेटचं सांगते, कारण त्यात माझी सगळ्यात मोठी चूक झाली.

माझी पहिली ३०० डिसेंबरात होती. थंडी वाजेल म्हणून मी एक जाडसर, पूर्ण वॉटरप्रूफ जॅकेट नेलं होतं. महाबळेश्वरला बीआरएमच्या कार्डावर पोचल्याचा शिक्का घेतला, अंधार पडला होता, म्हणून ते अंगात घालून गळ्यापर्यंत झिप ओढली आणि परत निघाले. महाबळेश्वर ते पाचगणी रस्ता सतत खालीवर होतो. प्रत्येक चढाला मी आतून भिजत होते आणि प्रत्येक उताराला तेच पाणी गार होत होतं. पाचगणीला टपरीवर थांबले तेव्हा दात वाजत होते. आमच्यातले एक काका, साठीच्या पुढचे, म्हणाले, "जॅकेट उघड जरा." आतल्या अस्तरावर थेंब जमले होते, गार बाटलीवर जमतात तसे. बाहेर पावसाचा टिपूसही नव्हता. काकांनी चहावाल्याकडून वडापाव बांधायच्या रद्दीतली दोन पानं मागून घेतली, दुमडली आणि म्हणाले, "जर्सीच्या आत, छातीवर ठेव. मग उतर." पसरणी घाट मी त्या कागदावर उतरले. बोटं इतकी बधिर झाली होती की ब्रेक किती दाबला जातोय ते कळत नव्हतं, पण छातीला वारा लागला नाही. वाईला पोचले तेव्हा कागद ओला होऊन अंगाला चिकटला होता आणि त्यावरच्या जाहिरातीची शाई जर्सीला लागली होती. ती जर्सी अजून आहे, डाग गेलेला नाही.

ही युक्ती काकांची नव्हे. टूर द फ्रान्समधले जुने सायकलपटू आल्प्सच्या माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घ्यायचे आणि जर्सीत सारून दरी उतरायचे. त्यातलं मर्म मला त्या रात्री कळलं. घाटात आपल्याला पाऊस जितका भिजवतो त्याहून जास्त आपला घामच भिजवतो, आणि गारठवतो तो उताराचा वारा. चढावर ताशी ८ किलोमीटरने जाताना अंगातून वाफा निघत असतात. माथा ओलांडला की तेच अंग ४५ च्या वेगाने वाऱ्यात जातं. जॅकेटची खरी परीक्षा त्या माथ्यावर होते.

आता लेबलवरच्या आकड्यांबद्दल. "१०,०००/१०,०००" असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे कापड किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं आणि दुसरा म्हणजे चोवीस तासांत एका चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले. वाफ बाहेर जाते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते म्हणून. जुलैत ताम्हिणीत बाहेरची हवाच पाण्याने गच्च असते, तिथे वाफ जाणार कुठे? त्यात वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप वापरून आणि धुऊन उतरला, की कापडच पाणी पितं आणि उरलीसुरली वाटही बंद होते. म्हणून पाणी अडवून वाफ सोडणारा पातळ पडदा आत असलेलं पंधरा-वीस हजारांचं जॅकेट घालूनही माणूस ताम्हिणीत ओलाच होतो. त्यात जॅकेटचा दोष नाही, ते या हवेसाठी बनलेलंच नाही. एडिनबर्गला असलेल्या माझ्या मावसभावाला मी नेमका उलटा सल्ला दिला. तिथे ८ अंशांत भुरभुर पाऊस दिवसभर चालतो, तिथे तेच जॅकेट घ्यावं, पैसे वसूल होतात.

आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात तापमान २२-२५ च्या आसपास असतं. चालत्या सायकलवर ओलं होण्याने काही बिघडत नाही. ओलं व्हायचंच हे मान्य करा आणि वारा अडवा. त्यासाठी पातळ विंडचीटर पुरतो. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम, घडी मुठीत मावेल एवढी, जर्सीच्या मधल्या खिशात जाणारी. चढाला काढायचा, माथ्यावर घालायचा. हे जो करत नाही त्याचं जॅकेट कितीही महागाचं असलं तरी उपयोग नाही, आणि हे तो तेव्हाच करेल जेव्हा जॅकेट काढणं-घालणं सोपं असेल. म्हणून मी झिपकडे सगळ्यात जास्त बघते. ओल्या ग्लोव्हजमध्ये, एका हाताने, न बघता ओढता येते का? झिपला लांब नाडी आहे का? नसेल तर चपलेच्या दुकानातली बुटाची नाडी दोन इंच कापून बांधा, मी तेच केलंय. बिनबाह्यांचं जॅकेट, ज्याला जिले म्हणतात, तेही आपल्या हवेला फार छान. छाती झाकते, काखा मोकळ्या राहतात.

दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून जॅकेट बघू नका. काउंटरवर दोन्ही हात टेकून, हँडलवर वाकता तसे वाका. मनगटं उघडी पडली किंवा कंबर उघडी पडली तर ते पळण्याचं जॅकेट आहे, सायकलचं नाही. मागचा भाग लांब हवा, नाहीतर मागच्या चाकाचा सगळा चिखल कमरेवर. आणि ढगळ घेऊ नका. उतारावर फडफडणाऱ्या कापडाचा आवाज तासभर कानात घेऊन बघा. डेकॅथलॉनमध्ये हे सगळं निवांत घालून बघता येतं, कुणी घाई करत नाही, हा तिथला मोठा फायदा.

रंग काळा नको. हे मी हात जोडून सांगते. पहाटेच्या धूसर उजेडात सातारा रस्त्यावर ट्रकवाल्याला तुम्ही दिसलंच पाहिजे. बीआरएमला रात्री चमकणारी जाळी, म्हणजे उजेड पडला की चमकणाऱ्या पट्ट्यांची जाळीदार बंडी, सक्तीची असते, ती जॅकेटच्या वर यायला हवी. जॅकेट वरून घातलं की जाळी आत झाकली जाते आणि हे अंधारात आपल्या स्वतःच्या लक्षात येत नाही.

धुताना कम्फर्टसारखं काही टाकू नका. कापड मऊ करणारं ते द्रव्य पाणी झटकण्याचा गुण घालवतं. साधा सौम्य लिक्विड साबण बस्स.

आता कॉम्प्युटर. रोज वीस किलोमीटर ऑफिसला जाणार असाल आणि वेग-अंतर एवढंच बघायचं असेल, तर कॅटआय कंपनीचा वायरवाला साधा कॉम्प्युटर घ्या. स्पोकला चुंबक, फोर्कला सेन्सर, नाण्याएवढी बॅटरी. फक्त चाकाचा परीघ बरोबर भरा. ७०० × २५ च्या टायरला २१०५ मिलिमीटर, ७०० × २८ ला २१३६. फरक क्षुल्लक वाटतो, पण २०० किलोमीटरला जवळजवळ तीन किलोमीटरची चूक होते.

लांब जाणार असाल तर जीपीएसचा हवा, आणि तिथे माझा पहिला प्रश्न असतो: बटणं आहेत का? एका जुलैतल्या २०० ला माझ्याकडे नुसत्या टचस्क्रीनचा कॉम्प्युटर होता. खंबाटकी चढताना पाऊस सुरू झाला आणि स्क्रीनवर पडणारे थेंब बोटांसारखे काम करू लागले. पानं आपोआप पलटत होती. मी ओल्या अंगठ्याने नकाशा परत आणायचा आणि दोन सेकंदांत तो जायचा. शेवटी बघणंच सोडलं. सुरूर फाट्याचं वाईकडे वळणारं वळण हुकलं, भुईंजची पाटी दिसली तेव्हा चूक कळली. चुकलो तिथेच परत यावं लागतं, तो नियम आहे, आणि यावंही. तेव्हापासून मी बटणांवर आहे. गार्मिनच्या एज ५४० ला फक्त बटणं आहेत, ८४० ला बटणं आणि टच दोन्ही. वाहूचा बोल्ट बटणांवरच चालतो. आयजीपीस्पोर्ट आणि ब्रायटनचे बटणांचे मॉडेल पुष्कळ कमी पैशांत मिळतात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांना ते पुरेसे आहेत, हे मी मनापासून सांगते. उरलेल्या पैशांत चांगला पुढचा लाइट घ्या.

उंची हवेच्या दाबावरून मोजणारा हवा. एक मिलिबार दाब बदलला की साधारण आठ मीटरचा फरक, इतकं ते नाजूक गणित असतं. त्यासाठी खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्यात पाणी अडकलं की तुम्ही घाटात धापा टाकत असता आणि स्क्रीन सांगते, चढ शून्य टक्के. घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही. काढून जोरात झटका, वाळू द्या. जीपीएसचा सिग्नल जिथे तुटतो, उदाहरणार्थ कात्रजच्या जुन्या बोगद्यात, तिथे चाकाच्या हबवर बसणारा स्पीड सेन्सर अंतर धरून ठेवतो.

बॅटरीचे तास कंपनी सांगते ते नकाशा बंद, उजेड कमी अशा अवस्थेतले असतात असं धरून चला. ६०० ला ४० तास लागू शकतात, म्हणजे रस्त्यात चार्ज करावंच लागणार. तेव्हा कॉम्प्युटर हँडलवरच्या माउंटवर, म्हणजे तो अडकवायच्या पट्टीवर, बसलेला असताना वायर लागते का, हे विकत घेण्याआधी प्रत्यक्ष लावून बघा. काही ठिकाणी माउंटच आड येतो. आणि पावसात रबराचं झाकण उघडं ठेवून चार्ज केलं की पोर्ट हळूहळू गंजतो. प्लास्टिकची छोटी पिशवी वरून रबरबँडने बांधायची, दुसरा उपाय मला मिळालेला नाही.

एक सोय मात्र मला खरोखर आवडते, चढ किती उरला ते दाखवणारी. पसरणीसारख्या घाटात वळणामागून वळण येत राहतं आणि माथा दिसतच नाही. अजून १.८ किलोमीटर, सरासरी इतका चढ, एवढं समोर आलं की पाय आपोआप जपून चालतात.

ट्रायथलॉनवाल्यांचं थोडं वेगळं. पोहणं, सायकल, पळणं तिन्ही मोजणारं घड्याळ तुमच्याकडे बहुधा असतंच, मग कॉम्प्युटर कशाला, असं विचारतात. एअरोबारवर, म्हणजे हँडलच्या पुढे आलेल्या दांड्यांवर, कोपरं टेकून झोपलात की मनगट डोळ्यांसमोर येत नाही. बघायला हात वळवला की सायकल डगमगते. बारच्या मध्ये बसवलेला छोटा कॉम्प्युटर मान न हलवता दिसतो. पण पडद्यावर दहा आकडे नकोत. गोव्याच्या आयर्नमन ७०.३ या ट्रायथलॉनला, २०१९ मध्ये ती मिरामारला सुरू झाली, १.९ किलोमीटर पोहून आल्यावर ९० किलोमीटर सायकल आणि मग २१.१ किलोमीटर पळणं असतं. तिथल्या दमटपणात वेग तोच ठेवला तरी हृदयाचे ठोके चढत जातात. वेगाकडे बघून चालवलं तर पळण्याच्या वेळी पाय संपलेले असतात. मी तीनच ठेवते: ठोके, झालेला वेळ, अंतर. आणि दर वीस मिनिटांनी पाण्याची आठवण करणारा बीप. जॅकेट तिथे मुळीच नको. ओल्या ट्रायसूटवर, म्हणजे तिन्हींना चालणाऱ्या एकाच पोशाखावर, बाह्या चढवण्यातच दोन मिनिटं जातात.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर रविवारी पहाटे साडेपाचला बोपदेव घाटाच्या पायथ्याशी या. माझं जॅकेट तुम्ही घाला, कॉम्प्युटर तुमच्या हँडलला लावू, माउंटला अडीच मिनिटं लागतात. एकदा वर जाऊन खाली या आणि मग सांगा काय खटकलं. येताना पाणी थोडं जास्त आणा, स्क्रीनवर ओतून बघायचंय.