लोलाला बघायला तिकीट काढून

म्युनिकला जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याची यादी तयारच होती, गाड्यांचं म्युझियम, फुटबॉलचं स्टेडियम आणि बिअर. माझ्या यादीत एकच गोष्ट, दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका बाईचं चित्र. लोला मॉन्तेस तिचं नाव, स्पॅनिश म्हणवणारी नाचणारी आणि इथल्या राजाची प्रेयसी. "चित्र बघायला एवढ्या लांब?" असं तो म्हणाला, पण आला बिचारा.

झालं असं की निघायच्या आधी मी तिच्यावरचा 'लोला मॉन्तेस' पुन्हा बघितला. माक्स ओफ्युल्सचा 1955 चा सिनेमा, त्याचा शेवटचा, 1957 मध्ये तो गेलाच. मार्टिन कॅरोल लोला झालीय, अँटन वॉलब्रूक बव्हेरियाचा (म्युनिक त्याचीच राजधानी) राजा लुडविग पहिला, आणि पीटर उस्तिनोव्ह सर्कसचा रिंगमास्टर. सिनेमाची सगळी गंमतच त्या सर्कशीत आहे. लोला रिंगणाच्या मधोमध बसलीय आणि हा रिंगमास्टर तिच्या भानगडी जाहिरात करून विकतोय, प्रेक्षक पैसे देऊन वाट्टेल ते प्रश्न विचारतायत, आणि मधेमधे तिच्या आठवणी उलगडत जातात, संगीतकार फ्रान्झ लिस्टबरोबरचा घोडागाडीतला प्रवास, मग लग्न, मग म्युनिक. त्या काळात लोकांना हे असं पुढेमागे केलेलं काही झेपलं नाही, सिनेमा साफ पडला, म्हणून निर्मात्यांनी कापून सरळ क्रमानं लावून टाकला. नीट दुरुस्त केलेली प्रत आली ती थेट 2008 मध्ये.

तर निम्फेनबुर्ग, म्हणजे तिचं चित्र जिथे आहे तो म्युनिकमधला राजवाडा. स्टेशनपासून 17 नंबरची ट्राम पकडली की सरळ राजवाड्याजवळ सोडते. समोर एवढं मोठ्ठं पाणी, त्यात हंस, आणि मागे पांढरा लांबच लांब वाडा, इतका लांब की फोटोत मावेचना, नवरा मागे मागे सरकत पार कालव्याच्या काठाला टेकला. आतला मोठा हॉल वगैरे भारीच आहे पण खरं सांगायचं तर मी त्यातून जवळजवळ पळतच गेले.

ती खोली दक्षिणेकडच्या भागात आहे. लुडविगनं 1827 ते 1850 या काळात योझेफ श्टीलर नावाच्या चित्रकाराकडून सुंदर बायकांची 36 चित्रं काढून घेतली, ती आता इथे लावलीत (आधी शहरातल्या मोठ्या राजवाड्यात होती, दुसऱ्या महायुद्धानंतर इकडे आणली). मला वाटलं होतं सगळ्या राण्या-राजकन्या असतील, पण नाही, राजाची स्वतःची मुलगी आहे आणि एका मोचीची मुलगी हेलेने झेडलमायर पण आहे, नि दोघींच्या फ्रेमचा थाट सारखाच. नवऱ्याला हेलेनेच जास्त आवडली. असो.

लोला सापडली. काळा ड्रेस, काळी लेस, केसात लाल फुलं, 1847 चं चित्र, म्हणजे ती 26 वर्षांची. बाकीच्या जणी कशा गोड, सांगितल्यावर बसलेल्या वाटतात, ही मात्र जरा वैतागलेली दिसते मला. मी पाच मिनिटं उभी होते आणि मागून लोक येतायत, मोबाईल वर, क्लिक, पुढे. तेव्हा एकदम सिनेमाचा शेवट आठवला, लोला पिंजऱ्यात बसलीय आणि एक डॉलर देऊन तिच्या हाताचा मुका घ्यायला पुरुषांची रांग, कॅमेरा मागे मागे जातो पण रांग काही संपत नाही. माझ्या पण हातात तिकीट होतंच की. जरा कसंतरीच झालं.

खरी लोला स्पॅनिश नव्हतीच मुळी. नाव एलायझा गिल्बर्ट, जन्म 1821, आयर्लंडमध्ये. बाप फौजेत, बायको-पोरीला घेऊन हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत दानापूरला कॉलऱ्यानं गेला. बिहारमधल्या दानापूरला! पुढे एका लेफ्टनंटबरोबर पळून जाऊन लग्न, ते मोडलं, मग 1843 मध्ये लंडनच्या स्टेजवर एकदम स्पॅनिश नाचणारी म्हणून हजर. 1846 ला म्युनिकला आली तेव्हा राजा 60 वर्षांचा होता. वर्षभरात त्यानं तिला काउंटेस करून टाकलं, लोक पेटले, विद्यार्थी रस्त्यावर, राजानं विद्यापीठच बंद केलं, आणि फेब्रुवारी 1848 मध्ये ती पळाली. मार्चमध्ये राजानं गादी सोडली. सिनेमा बघून वाटतं सगळं तिच्यापायीच झालं, पण तेव्हा पॅरिसमध्ये क्रांती झाली होती, इकडे पण लोकांना छापायचं-बोलायचं स्वातंत्र्य हवं होतं. राजा तसाही अडचणीत होताच, खापर फोडायला बाई आयती मिळाली.

सर्कस मात्र ओफ्युल्सच्या डोक्यातली. पण अगदी हवेतली पण नाही, कारण 1852 मध्ये न्यूयॉर्कला तिनं स्वतःच्याच बव्हेरियातल्या भानगडींवरच्या नाटकात स्वतःचंच काम केलं होतं. 1861 मध्ये तिथेच गेली, चाळिशी पण गाठली नाही.

दुसऱ्या दिवशी बारर श्ट्रास नावाच्या रस्त्यावर तिचं घर शोधायला गेलो. सात नंबर. घर कधीच पाडलंय. राजाचं काय, त्याच्या नावाचा आख्खा लुडविगश्ट्रास आहे, त्याच्या लग्नातून ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव सुरू झाला आणि तो भरतो ते मैदान अजून त्याच्या बायकोच्या, तेरेझच्या नावानं ओळखतात. लोलाच्या वाट्याला त्या खोलीतली एक फ्रेम. तिथून चालत सेंट बोनिफाझ चर्चला गेलो, लुडविगनंच बांधलेलं, तो तिथेच पुरलाय. आत कोणी नव्हतं. दगडी पेटीसमोर नवऱ्यानं हळूच विचारलं, "ते सुईदोऱ्याचं खरं होतं का गं?"

म्हणजे सिनेमातला तो सीन, लोला राजासमोर आपल्या ड्रेसचा गळा फाडते आणि राजा सुईदोरा आणा म्हणतो, मग आख्ख्या राजवाड्यात नोकर धावतायत सुईदोऱ्यासाठी. मला वाटलं होतं हा तेव्हा झोपला होता.