साडेपाच फेरे

मोटरसायकलचा मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा स्प्रिंग-तेलाचा दांडा, ५२ हजार किलोमीटरला गेला. सील फुटून रॉडवर तेलाचा ओघळ आला होता. ब्रेकर ओलांडला की गाडीचं बूड तीन-तीनदा वरखाली व्हायचं. आमच्या अंजनगाव-परतवाडा भागात अशी गाडी चालवणं जिवावरचं काम आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरच्या डांबराला लाटा येतात. खड्डा निदान दिसतो तरी, ही लाट दिसत नाही.

दोन महिने पैसे जमवून बाहेरच्या कंपनीचा शॉक मागवला. गॅसची वेगळी बाटली आणि रिबाउंडचे, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळण्याचा वेग आवरणाऱ्या स्क्रूचे, २४ क्लिक असलेला. ऑर्डर देताना माझं वजन आणि सामानाचं वजन, दोन्ही अगदी खरं सांगितलं. स्प्रिंग त्यावरूनच ठरते.

बसवायला गोठ्यातली जागा बरी पडली. विहिरीतली मोटर काढायची चेनकप्पी गर्डरला लावली, मागच्या फ्रेमला पट्टा बांधला आणि गाडी चाक सुटेपर्यंत उचलली. पुढचं चाक दोन दगडांत अडकवलं. जुना शॉक निघाला तेव्हा लिंकेजच्या, म्हणजे शॉक आणि चाक जोडणाऱ्या सांध्यांच्या, नीडल बेअरिंग पाहून वाईट वाटलं. ग्रीसचा थेंब नाही, नुसता तांबडा गंज. अर्धा दिवस त्या धुण्यात आणि ग्रीस भरण्यातच गेला. नवा शॉक टाकून बेअरिंग तशाच ठेवल्या असत्या, तर सगळा खर्च मातीत गेला असता. खालचा बोल्ट भोकात येईना, तेव्हा चाकाखाली धुण्याची मोगरी सरकवली आणि तो अलगद बसला. बाटलीचा पाइप साइड पॅनलला घासत होता, त्याला रबर गुंडाळलं.

मग गावातला मिस्त्री आला. तो म्हणाला, "भाऊ, स्प्रिंगवरची रिंग अजून चार फेरे दाबून टाका, मंग पाहा गाडी कशी कडक होते." मी दाबली. परतवाड्याला जाऊन आलो आणि पाठीचं भुस्कट झालं. लाट आली की सीट मला वर फेकायची.

रात्री शांतपणे विचार केला. रिंग दाबून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच उभी राहते. मग चाकाला खाली जायला, खड्ड्यात उतरायला वावच उरत नाही. दुसऱ्या दिवशी पोराला टेप घेऊन बसवलं. चाक लटकत असताना एक्सलपासून शेपटीवरच्या खुणेपर्यंत ६४० मिलिमीटर. गाडी जमिनीवर टेकवली तरी ६४०च, म्हणजे स्वतःच्या वजनाने ती जराही बसत नव्हती. मी हेल्मेट-जॅकेट घालून, दोन्ही बॅगा लावून बसलो, तर ६०५. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाची वरखाली चाल एकूण १८० मिलिमीटर. त्यातले साधारण तीसेक टक्के, म्हणजे ५४च्या आसपास, मी बसल्यावर खर्च व्हायला हवेत. होत होते ३५.

रिंगचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर, पण लिंकेजमुळे चाकापाशी तो पावणेचार होतो. साडेपाच फेरे सोडले. पोरगं ओरडलं, "बाबा, पाचशे चौऱ्याऐंशी!" म्हणजे ५६. रिकामी गाडी आता १७ बसते. उंची बदलली म्हणून चेनचा ढिलेपणाही पुन्हा पाहिला.

राहिला रिबाउंड. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद केला आणि तिथून १२ क्लिक मोजून उघडला. लाटेवर गाडी एकदा जास्त उसळत होती, म्हणून ३ क्लिक बंद केले. उसळी थांबली, पण सेमाडोहच्या वाटेवर लागोपाठच्या दगडांत मागचं चाक परत खाली येईपर्यंत पुढचा दगड यायचा आणि बूड दबतच जायचं. एक क्लिक परत उघडला. आता १०. हे सगळं मी मे महिन्यातल्या भर दुपारी केलं, कारण उन्हात तेल पातळ होतं आणि आवर घालायची शॉकची ताकद कमी होते. सकाळच्या गारव्यात लावलेलं माप दुपारी दोनला ढिलं वाटतं.

हे आकडे माझ्या ७४ किलोंचे आणि १४ किलो सामानाचे आहेत. बायको मागे बसल्यावरचं माप निराळं येणार. वहीत त्यासाठी पान सोडलंय. रविवारी चिखलदऱ्याला निघण्याआधी तिला बसवून टेप लावायचा आहे.