कोल्ह्याच्या होडीतली मोनालिसा

दहावीची परीक्षा आटोपून भाची आमच्या दांडिया बाजारातल्या घरी राहायला आली, तेव्हा तिच्या हातातल्या निंटेंडोमध्ये एक कोल्हा चित्रे विकत बसला होता. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हे त्या 2020 साली आलेल्या खेळाचे नाव. बेटाच्या उत्तरेला हा रेड नावाचा कोल्हा अधूनमधून होडी लावतो, तिच्या अंधाऱ्या पोटात लिओनार्दो आणि व्हर्मीर मांडून ठेवतो आणि एकेक चित्र 4,980 बेल्सना, म्हणजे तिथल्या पैशांत, गळ्यात मारतो. भाचीने मोनालिसा घेतली. ती दुसऱ्या दिवशी टपालाने आली. आणि खेळातल्या संग्रहालयाच्या घुबडाने ती नकली असल्याचे अत्यंत सभ्य शब्दांत सांगून दान नाकारले. नकली चित्र पुन्हा विकताही येत नाही.

"मावशी, भुवया बघ ना तिच्या!"

खऱ्या मोनालिसाला भुवया जवळजवळ दिसतच नाहीत, आणि कोल्ह्याच्या मोनालिसाने तर त्या चक्क उंचावल्या होत्या. इतक्या वर्षांत हे चित्र मी किती ठिकाणी पाहिले असेल, पण भुवयांकडे कधी लक्ष गेले नव्हते. मग आम्ही दोघी चष्मे पुसून बसलो. मोत्याचा डूल घातलेल्या मुलीच्या कानात डुलाऐवजी चांदणी तर नाही ना, व्हर्मीरच्या दूधवालीची धार जाड तर झाली नाही ना, हे तपासू लागलो. ती खरी धार, अ‍ॅमस्टरडॅमच्या रेक्सम्युझियममधल्या जेमतेम 45 सेंटिमीटर उंचीच्या चित्रातली, इतकी बारीक आहे की सकाळी पातेल्यात दुधाची पिशवी निथळताना शेवटी उरते, तेवढीच. खेळातल्या 43 कलाकृतींपैकी होकुसाईची लाट आणि व्हॅन गॉगची सूर्यफुले मात्र हा लबाड कधीच खोटी आणत नाही; या पक्षपातामागचा न्याय त्याचा तोच जाणे. खरा नक्कलबहाद्दर इतक्या ढोबळ चुका करणार नाही, हेही मान्य.

पण त्या रात्री मी अंथरुणावर पडून रविवर्म्याचे 'सीता भूमिप्रवेश' आठवू लागले. फतेहसिंह संग्रहालयात ते लहानपणापासून पाहत आले आहे, दर दिवाळीला पाहुण्यांना दाखवले आहे, 'आमच्या बडोद्याचे' म्हणून मिरवलेही आहे. आणि तरीही रामाचा हात नेमका कुठे आहे, हे काही केल्या आठवेना. उद्या कोल्ह्याने ते चित्र भुवया उंचावून विकले असते, तर मी डोळे मिटून घेतले असते.

सकाळी दोघी फतेहसिंह संग्रहालयात गेलो. शहरातल्या दुसऱ्या, कमाटीबागेतल्या संग्रहालयात मुले देवमाशाच्या सांगाड्याभोवती रेंगाळतात आणि चित्रांच्या दालनांतून धावत सुटतात. मीही तशीच मोठी झाले, त्यामुळे एकाच चित्रासमोर वीस मिनिटे उभे राहणे मला स्वतःलाच विचित्र वाटत होते. पहारेकऱ्यालाही ते वाटले असावे.

"शुं शोधो छो, बेन?"

"भूल," मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, खिशातून चष्मा काढला आणि तेही शेजारी उभे राहून शोधू लागले.