आरशाकडे पाठ

७ जुलै, सोमवार

आज माशेलात चिखलकालो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात सकाळपासून लहानथोर सगळे चिखलात. भाऊ घरी आला तेव्हा त्याचे फक्त डोळे ओळखू येत होते. दर वर्षी मी कडेला उभी राहून बघते. यंदा त्या वेळेला पणजीत, प्रकल्पाच्या मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसले होते. बस बाणस्तारीच्या पुलावर अडकली, मला उशीर झाला, तोवर त्या मीटिंगला गेल्या.

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. वर्गातल्या बाकीच्यांचे विषय कसे भारदस्त आहेत, परीक्षेचा ताण काय, मोबाइलचं व्यसन काय. माझा विषय: हिपहॉपची कोरिओग्राफी शिकताना लक्षात काय राहतं आणि कसं. मॅडम हसणार हे धरूनच गेले होते. मीटिंगहून परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती जणांवर करणार?"

"मी एकटीच आहे, मॅडम."

मग त्यांनीच मला एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १८८५ साली त्याचं स्मरणशक्तीवरचं पुस्तक आलं, त्यातले सगळे प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही वेळाने किती उरली ते बघायचं. "तुझा नाच निदान अर्थ असलेला आहे ना?" म्हणाल्या. मी मान डोलावली. खात्री नव्हती.

विषय मंजूर. रोज नोंदी ठेवायच्या अशी अट. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण लिहायला बसलं की मराठीच येते. बाबांच्या नाटकाच्या वह्या लहानपणापासून हाताळल्या, त्याचा परिणाम असावा.

१२ जुलै, शनिवार

नाचाचा क्लास पणजीत सांतइनेजला, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. एक अख्खी भिंत आरशाची. आज सरांनी नवं गाणं घेतलं. गाण्याचा एक मिनिटाचा तुकडा, वेग मिनिटाला ९६ बीट. म्हणजे ९६ ठोके, आठ-आठचे गट पाडले की बारा 'एट'. हे गणित मी येताना बसमध्ये केलं आणि जरा धीर आला. ९६ हालचाली म्हटलं की पोटात गोळा येतो, बारा एट म्हटलं की तेवढा येत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये हेच मांडलं: माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात साधारण सात गोष्टी मावतात, पण ती एक गोष्ट केवढी बांधायची हे आपल्या हातात. सुटे मणी सात, आणि माळा केल्या तर माळाही सात.

पण माझी अडचण पाठांतराच्या आधीच सुरू झाली. हिपहॉपमध्ये ठोक्यावर गुडघे खाली जातात. याला बाऊन्स म्हणतात, आणि सगळी इमारत याच्यावर उभी. मी लहानपणापासून ठोक्याला वर उडत आले आहे. फुगडी घ्या, शिगम्यातल्या रोमटामेळात नाचणं घ्या, अंग वर जातं. सर म्हणाले, "जमिनीत खिळा ठोकतेयस असं समज." अर्धा तास खिळे ठोकले. मांड्या भरून आल्या.

दुसरी अडचण टाळीची. स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कडक आवाज, वाजतो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, टाळीही तिथेच. आरतीला पहिल्या ठोक्यावर पडायची सवय असलेला माझा हात ऐकत नाही. मुद्दाम दोनवर वाजवायला गेले की एक वाजवून झालेलं असतं.

सर आकडे कमी आणि आवाज जास्त वापरतात. "बूम, का, ब-बूम, का, त्स्स." 'त्स्स'ला खांदा मागे. घरी येऊन भावाला करून दाखवलं. तो तबला शिकतो. म्हणाला, यात नवीन काय, आमचे सर बोल तोंडून नीट आल्याशिवाय तबल्याला हात लावू देत नाहीत. खरंच की! म्हणून नोंदींच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: पहिले सहा एट आकड्यांनी पाठ करायचे, पुढचे सहा बोलांनी.

२० जुलै, रविवार

पावसामुळे दिवसभर घरात. वाचन. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी डोक्याने, प्रत्येक पावलाचा विचार करत. मग चुका कमी होत जातात. शेवटी अंग आपोआप करतं आणि डोकं मोकळं राहतं. मी पहिल्या टप्प्याच्या दारात चप्पल काढते आहे.

शिया आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग जास्त आवडला. हालचालींचे तीन प्रकार शिकवायचे होते. एका गटाने एकेक प्रकार घोटून मग पुढचा घेतला, दुसऱ्याने तिन्ही मिसळून, क्रम न ठरवता सराव केला. सराव चालू असताना पहिला गट सरस. काही दिवसांनी परीक्षा घेतली तर दुसरा. म्हणजे सरावात छान जमतंय याचा अर्थ शिकून झालंय असा नाही. हे वाक्य मी तक्त्याच्या वर लाल पेनाने लिहिलं, आणि लगेच विसरले.

आकडे आणि बोल यांचा पहिला हिशेब: बोलांनी शिकलेले एट अंगात छान बसले, पण सातव्यानंतर आठवा की नववा याचा पत्ता नाही. आकड्यांनी शिकलेल्यांचा क्रम पक्का, नाच लाकडी.

२ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस जरा सविस्तर लिहिते.

क्लासचं छत गळायला लागलं. फरशीवर बादल्या. सर म्हणाले, खाली पार्किंगमध्ये करू. दोन गाड्या हलवल्या, स्पीकर स्कूटरच्या सीटवर ठेवला, आणि आम्ही दहा जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या. पाण्याचा मीटर आणि कोणाचा तरी गॅसचा रिकामा सिलिंडर समोर.

कालपर्यंत मी बारापैकी अकरा एट सलग करत होते, व्हिडिओ आहेत. आज सात. त्यातही चौथ्या एटला मी डावीकडे गेले आणि बाकी नऊजणी उजवीकडे. बरं, एकटी माझीच गत नव्हती. सगळ्याच पुढच्या मुलीकडे बघत होत्या, आणि सगळ्यांत पुढची मीटरकडे.

मला वाटलं होतं मला नाच पाठ झालाय. मला पाठ झाली होती आरशातली ती मुलगी. ती हात उचलायची, मी उचलायचे. मध्ये इतका थोडा वेळ जायचा की मी तिची नक्कल करते आहे हे मलाच कळत नव्हतं.

रात्री जेवताना हे सांगितलं. बाबा उत्सवी नाटकांत काम करतात, आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला नाटक नाही असं होत नाही. ते हसून म्हणाले, "अगं, हा प्रॉम्प्टर." विंगेत वही घेऊन बसलेला माणूस. तो चांगला असेल तर नट पाठ करतच नाही. वाक्य कानावर पडतं, तोंडातून निघतं, आणि नटाला वाटतं आपलं पाठांतर झकास. बाबांना एकदा ऐन प्रयोगात याचा झटका बसला. वीज गेली, प्रॉम्प्टरला वही दिसेना, आणि समोर दरबार भरलेला. त्यांनी दोनदा मिशीला पीळ दिला, मग तिसऱ्यांदा दिला. पेट्रोमॅक्स येईपर्यंत महाराज मिशीच पिळत होते. तेव्हापासून ते तालमीचे शेवटचे आठ दिवस प्रॉम्प्टरला चहा प्यायला बाहेर पाठवतात.

आजी ऐकत होती. ती म्हणाली, "आरशांत पळोवन कोण गो फुगडी घालता?" (आरशात बघून कोण गं फुगडी घालतं?)

जेवून उठल्यावर प्रकल्पाचा मूळ प्रश्न खोडला. आकडे की बोल हे राहू दे बाजूला. आरसा असताना काय शिकलं जातं आणि तो काढल्यावर त्यातलं किती उरतं, हे बघायचं.

११ ऑगस्ट, सोमवार

आज हिपहॉपचा वाढदिवस मानतात. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अव्हेन्यूवरची १५२० क्रमांकाची इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. त्याने हेरलं होतं की गाणं थांबून फक्त ताल उरतो तो तुकडा आला की नाचणारे पेटतात. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलांवर ठेवून तो हाच तुकडा लांबवत गेला. ब्रेकवर नाचतात ते बी-बॉय, बी-गर्ल.

वाचताना सारखं मनात येत होतं, त्या हॉलमध्ये आरसा कुठला असणार? ही मंडळी रिंगण करून नाचायची. त्याला सायफर म्हणतात. मध्ये एक जण, भोवती बाकीचे, आणि पुढची बाजू अशी नाहीच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग झालं तेव्हाही गाणं डीजे लावायचा आणि कुठलं गाणं येणार हे नाचणाऱ्याला आधी माहीत नसायचं. एका बाजूला तोंड करून बारा एट घोकणं हे नंतरचं, रंगमंचाचं आणि कॅमेऱ्याचं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला ते आवडतं म्हणून तर फी भरते. पण आपण काय शिकतो आहोत हे तरी माहीत असावं.

आजीचं बरोबर होतं. फुगडीलाही पुढची बाजू नसते.

दुसरी गोष्ट लॉस एंजेलिसची. डॉन कॅम्पबेलला म्हणे त्या काळातला एक नाच नीट जमेना. मध्येच तो अडकायचा, हात जागच्या जागी थिजायचा. लोक हसले, त्याने तेच अडकणं पुन्हा केलं, आणि त्यातून लॉकिंग ही शैली झाली. आता माझा तक्ता बघा. त्यात 'चूक' नावाचा रकाना आहे. डॉन कॅम्पबेल माझ्या तक्त्यात आला असता तर मी त्याला प्रत्येक एटला फुली मारली असती.

मॅडमना हे विचारलं. म्हणाल्या, चूक म्हणजे काय ते आधी ठरव आणि व्याख्या लिहून आण. तीन तास बसले. "ठरवलेल्या हालचालीपेक्षा वेगळी हालचाल" एवढंच सुचलं. वाचायला ठीक वाटतं. ग्रूव्ह, म्हणजे अंगात भिनलेला ताल, न धरता सगळं अचूक करणारी मुलगी या व्याख्येत शंभर टक्के पास होते. आमच्या वर्गात आहे तशी एक. (ती हे वाचणार नाही.)

१७ ऑगस्ट, रविवार

छत दुरुस्त झालं. मी सरांना विचारून आरशाकडे पाठ करून सराव करते. दर वेळी वेगळी भिंत: एकदा खिडकी, एकदा दार, एकदा चपलांचा ढीग. पहिले तीन दिवस हाल. दिशा बदलली की डोक्यातला नकाशाच फिरतो, उजवीकडचा पंखा डावीकडे येतो. आता चारही दिशांना नऊ-दहा एट येतात. आरशासमोर मात्र उलट गंमत झाली आहे. ती मुलगी दिसली की माझं लक्ष उडतं आणि मी केस सारखे करते.

एक प्रयोग गोफावरून सुचला. शिगम्याला काणकोणकडे गोफ बघितला होता. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातात घेऊन नाचत वेणी विणायची, आणि मग उलट्या पावलांनी तीच वेणी सोडवायची. एक जण चुकला तर गाठ. मी बारावा एट आधी आणि पहिला शेवटी असं करून बघितलं. पाचव्यावर गाठ बसली. का, ते रात्री कळलं. पाचवा आणि सहावा मी दोन म्हणून कधी शिकलेच नव्हते, माझ्या अंगात तो सोळाचा एकच गट आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चवथीचा तिसरा दिवस. आमचा गणपती पाच दिवसांचा. गणपतीवर फळं टांगायची ती माटोळी, तिच्यातलं तोरिंजन (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) माझ्या डोक्याच्या बरोबर वर लटकतं आहे, पडलं तर प्रकल्प तिथेच संपेल.

आरती झाल्यावर बायकांच्या फुगड्या. आजी गुडघ्यांमुळे खाटेवर, पण तोंडाने चालू. मावशीने रिंगणात ओढलं तेव्हा लक्षात आलं की मी ठोक्यावर खाली जाते आहे. सगळ्या वर, मी खाली. मावशी ओरडली, "लंगडतेस कशाला?" दीड महिना खिळे ठोकल्याचा परिणाम. नीट उडायला दोन फेऱ्या लागल्या.

मग सगळ्यांनी आग्रह केला, तुझा तो नाच दाखव. भावाने मोबाइलवर गाणं लावलं. मी मधोमध उभी राहिले आणि पहिला प्रश्न हा की तोंड कुठे करू? भोवती माणसं. मावशीकडे तोंड केलं तर गणपतीकडे पाठ होते, ते आजी चालू देणार नाही. गणपतीकडे तोंड करून सुरुवात केली, पण सहाव्या एटमध्ये पूर्ण वळून तीन ठोके मागे तोंड आहे. ते मी आडवं करून टाकलं, म्हणजे खिडकीकडे. तिथून पुढे सातवा आला नाही. गाणं थांबेना. पायाला जे सुचलं ते केलं. त्यात थोडी फुगडी होती, थोडा बाऊन्स, हातांचं काय झालं ते आठवत नाही. आठव्याला कशी परत आले तेही नाही, पण आले, कारण बारावा मी बरोबर गणपतीसमोर संपवला. मावशी म्हणाली, मधलं ते सगळ्यात चांगलं होतं.

मघाशी वही काढली. सातव्या एटपुढे 'चूक' लिहावं की काय लिहावं. व्हिडिओ असता तर मॅडमना दाखवला असता. भावाला विचारलं, तू शूट केलंस ना? म्हणाला, कसं करणार, गाणं त्याच मोबाइलवर लावलं होतं. आणि माझा आत चार्जिंगला होता.